न उघडलेली दीडशे पानं

“त्या जमान्यात पोरी कुठी शाळेत जात होत्या भाऊ? बुढीले आता नीट आठवत नसंन. तुमी दुसरा पुरावा पाहा.”

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. आमचे साहेब, इंगळे सर, जिन्यात उभे राहून एका माणसाची समजूत घालत होते आणि आमच्या हॉलचं दार उघडं होतं. मी आत कॉम्प्युटरसमोर बसले होते. मला सरांचं म्हणणं पटलं होतं. त्यांच्या हातातल्या पत्राला आधार मीच दिला होता. ‘उपलब्ध अभिलेखात सदर नावाची नोंद आढळून येत नाही.’

वाशिमची ती माझी पहिली नोकरी. बी.एस्सी. कॉम्प्युटर नुकतंच झालं होतं. एका कंत्राटदाराकडे जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं स्कॅन करायचं काम होतं. दाखल-खारीज म्हणजे शाळेत कोण कधी आलं आणि कधी गेलं याची वही. पानं हात लावला की तुकडे पडायची, म्हणून त्यांचे फोटो काढून ठेवायचे. मग कोणाला उतारा हवा असेल तर शाळा आम्हाला कळवायची, आम्ही फोटोंमध्ये नोंद शोधून पान नंबर द्यायचो आणि शाळा मूळ वहीवरून शिक्का मारून नक्कल द्यायची.

आमचा हॉल बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर होता. खालून औषधांचा उग्र वास यायचा, वर जुन्या कागदाचा. पंखा लावता यायचा नाही, कारण पानं उडायची. दुपारी साडेतीनला खालचा चहावाला जिन्यातूनच ओरडायचा, “वरचे, किती?” आणि सर बोटांनी आकडा दाखवायचे. आता पुण्यात माझ्या ऑफिसला मशीनचा चहा आहे, एसी आहे. तरी एखाद्या दुकानासमोरून जाताना तो औषधांचा वास आला की मी दोन पावलं हळू चालते.

मी तिथे फार बोलायचे नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आई-बाबा एकमेकांशी वऱ्हाडी बोलायचे आणि माझ्याशी मुद्दाम ‘शुद्ध’. त्यामुळे मला सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की लोक हसतील असं वाटायचं. जुन्या रजिस्टरातले मराठी आकडे तर माझी परीक्षाच. पाच आणि सहा मी नेहमी उलटे वाचायचे. की-बोर्डच्या खाली मी एक चिठ्ठी चिकटवली होती, एक ते दहा, मराठीत. ती कोणाला दिसू नये म्हणून रोज संध्याकाळी की-बोर्ड नीट सरकवून ठेवायचे.

एका बाबतीत मात्र माझं नाव झालं होतं.

मी येण्याआधी नोंद शोधायची म्हणजे पहिल्या पानापासून एकेक फोटो पुढे सरकवत जायचं. तीनशे पानांच्या रजिस्टरला अर्धा दिवस. मी पहिल्याच आठवड्यात सरांना, जवळजवळ कुजबुजत, म्हटलं होतं की एवढं बघायची गरज नाही.

“काहून नाही?”

“सर, नावं दाखल झाल्याच्या तारखेनं लिहिलीयेत. म्हणजे क्रम आहे. मग एकदम मधलं पान उघडायचं. आपल्याला पंचेचाळीस साल पाहिजे आणि मधल्या पानावर एकोणपन्नास निघालं, तर त्याच्या पुढचं सगळं एकोणपन्नासच्या नंतरचं. ते बघायचंच नाही. राहिलेल्या अर्ध्यातलं मधलं पान उघडायचं. परत अर्धं टाकायचं.”

“अन् असं किती वेळा?”

“तीनशे पानांना फार तर नऊ वेळा.”

“अन् हजार असले तं?”

“दहा.”

सरांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. त्यांनी स्वतः एक नाव निवडलं, मी सातव्या नजरेला ते पान काढून दाखवलं. कॉलेजात याला बायनरी सर्च म्हणतात आणि पहिल्या वर्षाला शिकवतात. वाशिमला मात्र ती जादू ठरली. सर कोणी आलं की ओळख करून द्यायचे, “ह्या आमच्या अर्धंवाल्या मॅडम. अर्धं फेकतेत अन् पुरं काढतेत.” मी मान खाली घालायचे. आतून फार बरं वाटायचं, हे आज कबूल करते.

जिन्यातल्या त्या माणसाचं नाव प्रकाशभाऊ. केनवडच्या बाजूच्या एका मोठ्या गावचे. गावाचं नाव लिहीत नाही, शाळा अजून चालू आहे. थोडी शेती आणि कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी काम. त्यांच्या मुलीचा, स्नेहलचा, नर्सिंगला नंबर लागला होता. सीट टिकवायची तर जात पडताळणीच्या प्रकरणात पन्नास सालाच्या आधीचा घराण्यातला एक कागद लावायचा होता. घर बौद्ध, छप्पननंतरचे कागद त्यांच्याकडे होते, आधीचा एकही नव्हता. सोमवार शेवटचा दिवस. हा गुरुवार होता.

प्रकाशभाऊंचे वडील शाळेत गेलेच नव्हते. पण वडिलांची बहीण, म्हणजे प्रकाशभाऊंची आत्या, यमुनाबाई, अजून होत्या आणि त्या छातीठोकपणे सांगत होत्या की आपण चौथी पास आहोत. वडिलांच्या सख्ख्या बहिणीची नोंद चालते. पंचेचाळीस सालच्या आसपास दाखल झाल्या असणार, असा हिशेब घरच्यांनी काढला होता.

त्या दिवशी सकाळी मी ती नोंद शोधली होती. रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, १९३१ ते १९५८. तीनशे फोटो. दीडशेवा उघडला, एकोणपन्नास साल. पुढचं सगळं टाकलं. पंचाहत्तरावा, चाळीस. मग एकशे बारावा, चव्वेचाळीस. एकशे एकतिसावा, सेहेचाळीस. एकशे एकविसाव्यावर पंचेचाळीस सापडलं. खात्री म्हणून त्याच्या मागची-पुढची तीन वर्षं मी ओळ न् ओळ वाचली. यमुना नव्हती. खरं तर एकाही मुलीचं नाव नव्हतं. मी तसा रिपोर्ट दिला. सरांनी त्यावर पत्र काढलं. सगळं मिळून पाऊण तास.

शुक्रवारी प्रकाशभाऊ परत आले. या वेळी ते आत्यालाच घेऊन आले होते.

जिना अरुंद होता आणि यमुनाबाई एका पायानं अधू. त्या एकेक पायरी बसत बसत चढल्या. पांढरं लुगडं, हातात काठी, वय शहाऐंशी-सत्त्याऐंशी. वर आल्यावर त्यांनी खुर्ची नाकारली आणि माझ्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

“कोन म्हन्ते मी शाळेत नोती?”

सर हात जोडून म्हणाले, “आजी, कोनी म्हनत नाही. पुस्तकात नाव नाही सापडलं, एवढंच.”

“पुस्तकात नाव हाये. माह्या डोयानं पाह्यलं.”

“ऐंशी वर्सं झाले आजी.”

“तं? तुमी काल काय जेवले ते इचारा, सांगता येनार नाही. शाळेचं सांगतो मी, इचारा.”

प्रकाशभाऊंनी हळूच सांगितलं, “आत्या पायानं अशी. वावरात कामाची नाही म्हनून आज्यानं शाळेत बसवली. माह्या बापाले ढोरामागं धाडलं. बाप मरेपर्यंत म्हने, लंगडीची मजा झाली.”

“मजा?” यमुनाबाई त्यांच्याकडे वळल्या. “आमाले पडवीत बसवत, उन्हाचं. बसाची जागा बाहेर होती रे, पन नाव आतल्या वहीत होतं. गुरुजीनं लिवलं. मी रडली होती त्या दिवशी.”

“काहून?” सरांनी विचारलं. ते आता सुटकेची वाट बघत होते, पण माणूस चांगला, म्हातारीला बोलू देत होता.

“पोट्ट्यायचे नाव लिवले तवा वही सुलटी होती. माहा नंबर आला तं गुरुजीनं वही उचलली अन् उलटी केली. असं. खालचं डोकं वर. मले वाटलं, माह्यं नाव उलटं लिवून राह्यले, मी आता पास होनार नाही.”

सर हसले. प्रकाशभाऊही ओशाळून हसले. म्हणाले, “ह्या गोष्टी घरी रोज आयकतो आमी.”

मी हसले नाही.

खात्री नसताना बोलायची मला सवय नाही. मी फक्त ते रजिस्टर उघडलं आणि तीनशेवा, म्हणजे शेवटचा फोटो बघितला. पुठ्ठ्याप्रमाणे तिथे अठ्ठावन्न साल हवं होतं. तिथे अडतीस होतं. अनुक्रमांक एक. नाव, गंगू.

आधी की-बोर्ड सरकवून मी चिठ्ठी बघितली. तीन तो तीनच होता.

एखादी वही घरी घेऊन बघा, म्हणजे काय झालं ते लगेच कळेल. वहीच्या पुढून मुलांची नावं लिहीत जा. मग वही उलटी करा, खालची बाजू वर, आणि मागच्या पुठ्ठ्याकडून मुलींची नावं सुरू करा. दोन वह्यांचं काम एका वहीत होतं, कागद वाचतो. त्या गुरुजींनी तेच केलं होतं. आता ही वही सरळ धरून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळा. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी अक्षरं उलटी दिसू लागतील आणि कोणीही थांबेल. आमच्या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक सोय होती. उलटं पान आलं की ते आपोआप सरळ करायचं. ती सोय चालू मीच केली होती, आणि फोटो काढणारे पानं वाचत नसत, फक्त उलटत. त्यामुळे फोटोंमध्ये सगळी पानं छान सरळ दिसत होती. फक्त एकतिसापासून अठ्ठावन्नपर्यंत मुलगे पुढे पुढे जात होते आणि तिथून मुली अठ्ठावन्नपासून अडतीसपर्यंत मागे मागे येत होत्या.

अर्धं-अर्धं करायची युक्ती एकाच गोष्टीवर उभी असते. उजवीकडचं सगळं नंतरचं आणि डावीकडचं सगळं आधीचं, हे शेवटपर्यंत खरं असलं पाहिजे. मी ते तपासलं नव्हतं. पुठ्ठ्यावर विश्वास ठेवला होता. आणि पहिल्याच नजरेत, दीडशेव्या फोटोवर, मी पुढची दीडशे पानं न उघडता बाद केली होती. गावातल्या सगळ्या मुली त्या दीडशे पानांत होत्या.

“मॅडम, काय झालं?” सरांनी विचारलं.

“पाच मिनिटं, सर.”

मुलींचा भाग दोनशे एकोणतिसाव्या फोटोपासून सुरू होत होता. बहात्तर पानं. परत तीच युक्ती, फक्त दिशा उलटी. इथे जुनं साल उजवीकडे. दोनशे चौसष्ट, एकोणपन्नास साल. उजवीकडे. दोनशे ब्याऐंशी, त्रेचाळीस. डावीकडे. दोनशे त्र्याहत्तर, सेहेचाळीस. उजवीकडे. दोनशे सत्त्याहत्तर, पंचेचाळीस. एका पानावर सहा-सात नावं. त्या पानावर नव्हतं. त्याच्या शेजारच्या पानावर तिसरं नाव यमुना होतं. वडिलांचं नाव प्रकाशभाऊंनी अर्जात लिहिलेलंच.

मी मॉनिटर त्यांच्याकडे फिरवला. नावावर बोट ठेवलं.

प्रकाशभाऊंनी वाकून वाचलं. मग ते माझ्याकडे नाही, आत्याकडे बघत राहिले. “आत्या,” ते म्हणाले.

“मंग मी काय सांगून राह्यली होती!” यमुनाबाई म्हणाल्या. “चाल आता. पोरीचा कागद काढ. किती खाली-वर कराचं मले?”

फोटोवरून नक्कल मिळत नाही, मूळ वही लागते. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून पान नेमकं दाखवायला मी त्यांच्याबरोबर गाडीनं गेले. स्नेहलही होती. मागच्या सीटवर तिच्या आणि माझ्यामध्ये यमुनाबाई. रिसोडच्या रस्त्याला सोयाबीन पिवळं पडत आलं होतं. स्नेहल माझ्यासारखीच, फारशी बोलत नव्हती. मधेच तिनं मला विचारलं, “ताई, तुम्हाला हे शोधायचं कॉलेजात शिकवतात?” मी हो म्हटलं. पुढचं काही सांगितलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी लोखंडी कपाट उघडलं. रजिस्टर लाल फडक्यात बांधलेलं होतं. ते नेहमी पुढूनच सोडलं जायचं, हे फडक्याच्या घड्यांवरून कळत होतं. मी ते टेबलावर ठेवलं आणि उलटं केलं, खालचं डोकं वर. मागचा पुठ्ठा आता पुढचा झाला. या बाजूची पानं पुढच्यांपेक्षा कमी मळलेली होती.

“या बया,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “दोन वर्षं झाली मला इथं येऊन. मी हे कधी पाहिलंच नाही.”

पान सापडल्यावर यमुनाबाईंनी माझ्या दंडाला धरलं. “वाच बाई. मले आता दिसत नाही बारीक.”

मी मोठ्यानं मराठी वाचायचं नेहमी टाळत आले होते. त्या दिवशी टाळता आलं नाही. अनुक्रमांक. नाव. बापाचं नाव. धंदा, मजुरी. जातीचा रकाना. दाखल तारीख. मी अडखळत होते आणि कोणीही हसलं नाही. शाळा सोडल्याचे कारण, चौथी उत्तीर्ण.

“उत्तीर्ण म्हंजे पासच ना?”

“पासच, आजी.”

“हं,” त्या म्हणाल्या. मग स्नेहलला म्हणाल्या, “पाह्यलं? अन् तू बारावीले रडत होती.”

नक्कल त्याच दिवशी मिळाली. सोमवारी कागद लागला. स्नेहल आता नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत आली की मला मेसेज करते. यमुनाबाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या.

मी आता जिथे काम करते तिथे लाखो ओळींची यादी असते आणि शोधायचं काम मशीन करतं. नवीन मुलं-मुली आली की त्यांना मी एकच गोष्ट सांगते. अर्धं फेकायच्या आधी यादी खरंच क्रमानं आहे का ते बघा, आणि निदान शेवटचं पान उघडून बघा. त्याला काही सेकंद लागतात. ते मान डोलावतात आणि विसरतात. मीही विसरले असते.

पण त्या शनिवारी संध्याकाळी वाशिमला परतल्यावर जे झालं ते सांगायचं राहिलं. हॉलमध्ये सर एकटेच होते. त्यांनी दोन चहा सांगितले आणि खूश होऊन म्हणाले, “झालं ना काम? आता ते पहिलं पत्र फाडून टाकू. टायपिंगची चूक म्हनून दुसरं देऊ. इषय संपला.”

मी आवक-जावक वही घेऊन बसले होते. माझ्या पद्धतीनं शोधून ‘आढळत नाही’ म्हणून गेलेली पत्रं मी वेगळी काढली होती. त्यातली अकरा बायकांच्या नावांची होती. कोणाची आजी, कोणाची आई. वेगवेगळ्या गावांतल्या शाळा. सगळ्याच गुरुजींनी वही उलटी केली असेल असं नाही. पण कुणी केली आणि कुणी नाही, हे मला माहीत नव्हतं. ती माणसं पत्र घेऊन मुकाट्यानं घरी गेली होती. त्यांच्यातल्या कोणाचीही आत्या जिना चढून आली नव्हती.

मी वही सरांपुढे सरकवली. त्यांनी नावं पाहिली आणि त्यांच्या लक्षात आलं.

“मॅडम, हे कायले उकरता? ज्याले गरज असंन तो येईन परत. असं लेखी दिलं तं उद्या आपल्यावर भरवसा कोन ठेवनार? नाव तुमचंच खराब होईन. तुमी किती चांगलं काम करता.”

ते वाईट माणूस नव्हते. माझ्या काळजीनंच बोलत होते. चहा आला, त्यांनी माझा ग्लास माझ्यापुढे ठेवला. मला खाली बघून ‘बरं’ म्हणायची इतकी सवय होती की तो शब्द ओठांपर्यंत आलाही होता.

“सर, ‘नोंद आढळली नाही’ असं आपण त्या अकरा लोकांना लिहून दिलंय. मी ती पानं बघितलीच नव्हती. सोमवारी त्यांना तसं पत्र काढा, आणि खाली माझं नाव टाका.”